बर्लिनमधल्या तुर्की प्राध्यापकांच्या बैठका : नव्याने येणाऱ्यांसाठी

तुर्कस्तानवर पीएचडी करायला बर्लिनला येत असाल, तर क्रॉयत्सबेर्ग-नॉयक्योल्न या भागांतल्या तुर्की प्राध्यापकांच्या घरगुती बैठका चुकवू नका. बोलावणं ओळखीतूनच येतं. बूट दाराशी काढायचे, ज्येष्ठांना ‘होजाम’ (म्हणजे ‘माझे गुरुजी’) म्हणायचं. चहा बिनदुधाचा, आणि ग्लास रिकामा दिसला की लगेच भरतात. नको असेल तर चमचा ग्लासावर आडवा ठेवा.

तिथल्या अनेकांनी जानेवारी 2016 च्या शांतता निवेदनावर, म्हणजे कुर्दी भागातल्या लष्करी कारवाईविरुद्ध तुर्कस्तानातल्या प्राध्यापकांनी काढलेल्या पत्रकावर, सही केलेली असते. त्यापायी कुणाची नोकरी गेली, कुणाचा पासपोर्ट रद्द झाला. त्यामुळे ‘सुट्टीत घरी जाणार का?’ हे विचारू नका. न विचारता फोटो तर कुठेच टाकू नका.

आता खरा धोका. चहावर मिळालेला होकार म्हणजे प्रवेश नव्हे! माझा विषय ऐकून एक संशोधक म्हणाल्या, ‘ये, आपण करू.’ अगदी मनापासून म्हणाल्या. त्या भरवशावर माझे कितीतरी महिने गेले. त्या स्वतः मुदतीच्या फेलोशिपवर होत्या आणि त्या विद्याशाखेत पीएचडीचं मार्गदर्शन करण्याचा अधिकार त्यांना नव्हता. अशी मंडळी इथे पुष्कळ आहेत. कित्येकजण फिलिप श्वार्ट्झ यांच्या नावाच्या फेलोशिपवर येतात. नाझींमुळे 1933 मध्ये देश सोडलेल्या या श्वार्ट्झनी हकालपट्टी झालेल्या जर्मन प्राध्यापकांना इस्तंबूलमध्ये जागा मिळवून दिल्या होत्या. आज वाट उलटी आहे, तुर्कस्तानातून जर्मनीकडे. पण फेलोशिपची मुदत संपते आणि माणूस दुसऱ्या गावी जातो. म्हणून सरळ विचारा : मार्गदर्शक म्हणून सही कोण करणार? तुमचा करार कधीपर्यंत आहे? कुणाला राग येत नाही, त्यांचं निम्मं बोलणं करारांबद्दलच असतं. त्या विद्याशाखेतल्या प्राध्यापकाचं लेखी संमतीपत्र हातात पडेपर्यंत दुसरी कुठलीही जागा नाकारू नका. पुन्हा सांगते, लेखी.

घाबरू मात्र नका. त्याच बाईंनी माझा आराखडा जेवणाच्या टेबलावर पेन्सिलने ओळ न् ओळ तपासला आणि सही करू शकणाऱ्या प्राध्यापकाशी गाठ घालून दिली. मार्गदर्शक शोधायला पन्नास प्राध्यापकांना एकच मेल पाठवण्याचा सल्ला देणाऱ्यांचं मुळीच ऐकू नका.

आणि तुर्की शिकून या, इंग्रजी अनुवादांवर भागत नाही. जेवणानंतर वाद रंगला की कुणी इंग्रजीत बोलत नाही, आणि इस्तंबूलच्या ऑटोमन अभिलेखागारात कुठले कागद पाहायला मिळतात, हे नेमकं तेव्हाच कानावर पडतं.