जुने व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर ऐकताना आणि पारखताना या चुका टाळा

दोन जुने व्हॉल्व्ह (निर्वात काचनळ्यांचे) अ‍ॅम्प्लिफायर शेजारीशेजारी मांडून ‘याचा आवाज गोड, त्याचा कोरडा’ असा निकाल देणारे रसिक बहुतेक वेळा दोन यंत्रांची नव्हे, तर त्या यंत्रांच्या आजच्या प्रकृतीची तुलना करत असतात. १९५३ साली बाजारात आलेला ब्रिटिश क्वाड टू असो किंवा १९५९ सालचा अमेरिकी डायनाको एसटी-७० असो, त्यातील कंडेन्सर आणि रेझिस्टर यांचे वय आता साठीच्या पुढे गेलेले आहे. ज्याचे फिल्टर कंडेन्सर (वीजपुरवठ्यातील लहर सपाट करणारे) सुकले आहेत त्याचा खर्ज ढिला वाटणारच, पण तो दोष आराखड्याच्या माथी मारणे अन्यायाचे आहे. विक्रेत्याच्या तोंडचे ‘पूर्ण चालू स्थितीत’ हे शब्द फक्त एवढेच सांगतात की बटण दाबल्यावर व्हॉल्व्ह पेटतात आणि काहीतरी ऐकू येते.

थेट वीज देऊन ‘चालतो का’ पाहणे

अनेक वर्षे बंद असलेला अ‍ॅम्प्लिफायर घरी आणताच भिंतीच्या सॉकेटला लावणे ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. वापराविना पडून राहिलेल्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरमधील ऑक्साइडचा थर क्षीण होतो, आणि पूर्ण व्होल्टेज मिळताच तो गळू लागतो किंवा सरळ शॉर्ट होतो. त्यात रेक्टिफायर (एसीचा डीसी करणारा) व्हॉल्व्ह आणि प्रसंगी पॉवर ट्रान्सफॉर्मरही बळी पडतो. मूळ ट्रान्सफॉर्मर पुन्हा मिळत नाही, हे लक्षात घेतले म्हणजे वायरमन मंडळी वापरतात तो साधा सिरीज बल्बचा बोर्ड किती मोलाचा आहे हे पटते. ६० किंवा १०० वॅटचा तारेचा बल्ब सिरीजमध्ये ठेवावा. तो क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक समजावे, आणि प्रखर पेटून राहिला तर यंत्र तत्काळ बंद करावे.

येथे एक इशारा अटळ आहे. एसटी-७०मध्ये सुमारे ४३५ व्होल्ट डीसी खेळत असतो, आणि प्लग काढल्यानंतरही कंडेन्सर तो काही काळ धरून ठेवतात. ज्यांना जिवंत सर्किटवर मोजमाप करण्याची सवय नाही त्यांनी हे काम जाणत्या कारागिराकडे सोपवावे.

पुढची तपासणी कपलिंग कंडेन्सरची. हा कंडेन्सर आधीच्या व्हॉल्व्हच्या प्लेटवरील (प्रवाह गोळा करणाऱ्या पत्र्यावरील) डीसी अडवतो आणि केवळ संगीत पुढे जाऊ देतो. जुन्या कागदी कंडेन्सरमध्ये ओल शिरली, आणि मुंबई-कोकणच्या हवेत ती शिरतेच, की थोडा डीसी पुढच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर (प्रवाह ताब्यात ठेवणाऱ्या जाळीवर) झिरपतो, आउटपुट व्हॉल्व्ह प्रमाणाबाहेर प्रवाह ओढू लागतो आणि त्याची प्लेट लालबुंद होते. कॅथोड बायस असलेल्या (व्हॉल्व्हचा विश्रांतीचा प्रवाह, म्हणजे बायस, कॅथोडवरील रेझिस्टरने आपोआप ठरतो अशा) यंत्रात, म्हणजे क्वाड टूसारख्या, आउटपुट व्हॉल्व्हच्या ग्रिडवर जवळपास शून्य व्होल्ट असायला हवेत. तेथे धन व्होल्टेज आढळले तर तो एक व्हॉल्व्ह काढून थोडा वेळ पुन्हा मोजावे. व्होल्टेज तसेच राहिले तर दोष कंडेन्सरचा, आणि नाहीसे झाले तर व्हॉल्व्हच्या आत वायू शिरलेला आहे. एवढी चाचणी न करता महागडे नवे केटी६६ (क्वाड टूचे आउटपुट व्हॉल्व्ह) बसवणारे लोक ते केटी६६ही गमावतात.

व्हॉल्यूम कंट्रोल फिरवताना होणाऱ्या खरखरीचेही असेच असते. प्रत्येक खरखर धुळीची नसते. अनेकदा गळक्या कंडेन्सरमधून आलेला डीसी त्या कंट्रोलवर पोहोचलेला असतो, आणि मग कितीही क्लीनर फवारला तरी आवाज आठवड्याभरात परत येतो.

बायसचा एकच आकडा पाहून समाधान मानणे

एसटी-७०च्या पुस्तिकेत बायस १.५६ व्होल्टवर लावण्यास सांगितले आहे. तो १५.६ ओहमच्या रेझिस्टरवर मोजायचा, म्हणजे त्यातून १०० मिलिअँपिअर वाहत असतात. हा आकडा निवडण्यामागे एक चतुराई होती: त्या काळच्या ताज्या सुक्या सेलचे व्होल्टेज जवळजवळ इतकेच असे, त्यामुळे घरी किट जोडणाऱ्या माणसाला आपला मीटर बरोबर आहे की नाही हे सेलवर ताडून पाहता येई. परंतु तो रेझिस्टर एका चॅनेलच्या दोन्ही ईएल३४ आउटपुट व्हॉल्व्हना सामाईक आहे. एक ७० आणि दुसरा ३० मिलिअँपिअर ओढत असला तरी मीटर निर्विकारपणे १.५६च दाखवतो. अशा विषम जोडीमुळे आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात डीसी चुंबकत्व साचते आणि खर्जातील विकृती वाढते. ऐकणारा मात्र ‘डायनाकोचा खर्ज जरा भोंगळच’ असे म्हणून मोकळा होतो. प्रत्येक कॅथोडला स्वतंत्र १० ओहमचा रेझिस्टर लावून दोन्ही प्रवाह वेगवेगळे मोजणे हा त्यावरचा सोपा उपाय आहे.

याच यंत्रात ग्रिडचे ऋण व्होल्टेज पुरवणारा सेलेनियम रेक्टिफायर असतो. तो वयानुसार कमजोर होतो, बायस सावकाश ढासळतो आणि शेवटी चारही व्हॉल्व्ह लाल होतात. त्याच्या जागी साधा सिलिकॉन डायोड लावायला काही रुपये लागतात. मूळपणा जपण्याच्या हट्टापायी तो तसाच ठेवण्यात शहाणपण नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. मूळपणा ट्रान्सफॉर्मरमध्ये आणि आराखड्यात जपावा.

विजेच्या व्होल्टेजकडे दुर्लक्ष

अमेरिकी यंत्रे ११७ व्होल्टच्या आसपासच्या विजेसाठी बनलेली आहेत. लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत मिळणाऱ्या स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मरवर ११० व्होल्ट लिहिलेले असते, पण ते आकडे २३० व्होल्ट धरून काढलेले असतात. घरातील वीज रात्री २४५पर्यंत चढली की तोच ट्रान्सफॉर्मर ११७ देतो, आणि संध्याकाळी गर्दीच्या वेळी ती २१०वर उतरली की जेमतेम १०० देतो. एकाच अ‍ॅम्प्लिफायरची प्रकृती संध्याकाळी एक आणि रात्री दुसरी असेल तर तुलनेला अर्थ उरत नाही. ब्रिटिश यंत्रांत व्होल्टेज निवडण्याची सोय असते, तिच्यावर नेमका कोणता आकडा लावला आहे हे पाहिल्याखेरीज यंत्र सुरू करू नये. सर्वांत भरवशाची खूण हीटरची, म्हणजे व्हॉल्व्ह तापवणाऱ्या तारेची, आहे. व्हॉल्व्हच्या बेसवर ६.३ व्होल्ट एसी, दहा टक्के इकडे किंवा तिकडे, एवढे मिळाले की आतील बाकीची व्होल्टेजही साधारण ठिकाणावर असतात.

आवाजाची पातळी न जुळवता निकाल देणे

तुलनेतील सर्वांत मोठी फसगत येथे होते. दोनपैकी किंचित मोठा वाजणारा आवाज माणसाला अधिक भरीव, अधिक मोकळा आणि अधिक ‘जिवंत’ वाटतो. कानाची खर्जाबाबतची संवेदनशीलता पातळीनुसार बदलते, हे फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ सालीच दाखवून दिले आहे. त्यामुळे हा केवळ मनाचा खेळ नव्हे.

आकड्यांत पाहू. लीक स्टिरिओ २० हा छोटा ब्रिटिश अ‍ॅम्प्लिफायर अवघ्या १२५ मिलिव्होल्ट इनपुटवर आपली सुमारे १० वॅट पूर्ण ताकद देतो, तर क्वाड टूला १५ वॅटसाठी १.४ व्होल्ट लागतात. ८ ओहमवर हिशेब केला तर लीकची व्होल्टेज-वाढ क्वाडच्या जवळपास नऊ पट, म्हणजे सुमारे १९ डेसिबल अधिक येते. एकच प्रीअ‍ॅम्प (पॉवर यंत्राआधीचा छोटा वर्धक), एकच व्हॉल्यूम ठेवून तारा बदलणाऱ्याला लीक ‘धडाडीचा’ वाटेल यात नवल ते काय! उलट दोन व्होल्ट देणारा सीडी प्लेयर लीकला जोडला तर व्हॉल्यूमचे बटण घड्याळातील नऊच्या जागेपुढे नेता येत नाही, आणि नेमक्या त्याच भागात जुन्या कंट्रोलचे दोन्ही चॅनेल एकमेकांशी जुळत नाहीत. मग गायिका मध्यभागी न राहता डाव्या स्पीकरकडे सरकते आणि दोष ‘स्टिरिओ इमेज’ला दिला जातो. इनपुटला दोन रेझिस्टरचा, सिग्नल कमी करणारा साधा अ‍ॅटेन्युएटर लावल्याने हा प्रश्न सुटतो.

पातळी जुळवण्यासाठी ४०० हर्ट्झचा स्थिर सूर वाजवावा आणि स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटरने एसी व्होल्ट मोजावेत. दोन आकड्यांत एक टक्क्याच्या आसपास फरक राहिला की पातळी ०.१ डेसिबलच्या घरात जुळली असे धरता येते. त्यानंतर कोणते यंत्र चालू आहे हे ऐकणाऱ्याला न सांगता दुसऱ्याने अदलाबदल करावी. या एका शिस्तीने कित्येक ठाम मते विरघळतात, आणि जी उरतात ती ऐकण्यासारखी असतात.

स्पीकर बाजूला ठेवून अ‍ॅम्प्लिफायरबद्दल बोलणे

व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरचा आउटपुट इम्पिडन्स (एसी प्रवाहाला होणारा विरोध) ट्रान्झिस्टर यंत्रापेक्षा जास्त असतो, आणि स्पीकरचा इम्पिडन्स तर प्रत्येक फ्रिक्वेन्सीला बदलतो. परिणामी जेथे स्पीकरचा इम्पिडन्स उंच जातो तेथे आवाज थोडा उचलला जातो. डग्ग्याची घुमक एका अ‍ॅम्प्लिफायरवर गोलसर आणि लांबलेली, तर दुसऱ्यावर आखूड आणि घट्ट ऐकू येते. हा फरक खरा आहे, मोजता येण्यासारखा आहे, पण तो त्या जोडीचा आहे. स्पीकर बदलला की निकाल उलटू शकतो. म्हणूनच ४, ८ आणि १६ ओहम अशी जी टोके मागे दिलेली असतात ती सर्व ऐकून पाहावीत. ८ ओहमच्या स्पीकरला ४चे टोक अधिक भावले तर त्यात काहीही गैर नाही. मात्र स्पीकर न जोडता गाणे सुरू करू नये, कारण भार नसताना आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये प्रचंड व्होल्टेज उसळून त्याचे इन्सुलेशन फुटू शकते.

क्षमतेचाही विचार हवा. १५ वॅटचा क्वाड टू ज्या काळात घडला त्या काळी स्पीकर कार्यक्षम असत. ९५ डेसिबल संवेदनशीलतेच्या (१ वॅटला मिळणारी आवाजाची पातळी) स्पीकरवर १ वॅटने होणारे काम ८५ डेसिबलच्या आधुनिक स्पीकरवर करायला १० वॅट लागतात. अशा स्पीकरवर क्वाडला ताणून ‘दमला’ म्हणणे योग्य नाही. तीच गोष्ट मंडपवाल्यांकडून मिळणाऱ्या जुन्या व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायरची. त्यांचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर भोंग्यासाठी आणि भाषणासाठी बनलेला असतो, त्यामुळे त्याच्याकडून तानपुऱ्याच्या जवारीची अपेक्षा धरू नये.

प्रीअ‍ॅम्पची चुकीची जोडणी

व्हॉल्व्ह प्रीअ‍ॅम्प आजच्या ट्रान्झिस्टर पॉवर अ‍ॅम्पला जोडताना आकडेमोड टाळू नये. प्रीअ‍ॅम्पच्या शेवटी ०.१ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर असेल आणि पुढच्या यंत्राचा इनपुट १०० किलोओहम असेल तर खर्ज १६ हर्ट्झपर्यंत शाबूत राहतो. तोच इनपुट १० किलोओहम असेल तर १६० हर्ट्झपासूनच खर्ज गळू लागतो. ‘व्हॉल्व्ह प्रीअ‍ॅम्पचा आवाज पातळ’ ही तक्रार पुष्कळदा येथून निघते. क्वाड २२सारखे प्रीअ‍ॅम्प तर आपली वीजही जोडीच्या पॉवर अ‍ॅम्पकडून घेतात, म्हणून तो एकटा विकत घेण्यापूर्वी त्याला वीज कोठून देणार हे ठरवावे.

रेकॉर्ड ऐकताना आणखी एक बारकावा असतो. आरआयएए हे रेकॉर्डवरील खर्ज आणि तीव्र स्वरांच्या समतोलाचे प्रमाण १९५४ साली रूढ झाले. त्याआधीच्या तबकड्यांसाठी जुन्या प्रीअ‍ॅम्पवर वेगळ्या बटणांची सोय असे, आणि दोन प्रीअ‍ॅम्पवर दोन वेगळी बटणे दाबून केलेली तुलना निरर्थक ठरते.

व्हॉल्व्ह बदलण्याची घाई

ईसीसी८३, ईसीसी८१ आणि ईसीसी८२ हे छोटे व्हॉल्व्ह एकाच बेसमध्ये बसतात, पण त्यांची वर्धनक्षमता अनुक्रमे १००, ६० आणि २०च्या आतबाहेर आहे. तेव्हा ८३च्या जागी ८२ घालून ‘आवाज शांत झाला’ म्हणणे म्हणजे गेन (वर्धन) कमी झाल्याची नोंद करणे होय. काचेवरील छापावरही विसंबू नये, कारण नामांकित युरोपीय नावे पुन्हा छापून विकली जातात. आतील बांधणी पाहावी, आणि काचेवरचा चंदेरी डाग पांढरा पडला असेल तर हवा शिरली आहे हे ओळखून तो व्हॉल्व्ह टाकून द्यावा.

गुणगुण आली की व्हॉल्व्ह बदलण्याआधी तिचा सूर ऐकावा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची असल्याने अर्थिंगचा घोटाळा किंवा हीटरची गळती ५० हर्ट्झवर खोल घुमते, तर फिल्टर कंडेन्सर थकला की तिच्या एक सप्तक वर, १०० हर्ट्झवर, जराशी कर्कश गुणगुण येते. गुणगुण एकाच चॅनेलमध्ये असेल तर दोन्ही चॅनेलचे व्हॉल्व्ह यंत्र बंद करून आपसांत बदलावेत. आवाज त्यांच्याबरोबर दुसरीकडे गेला तर व्हॉल्व्ह दोषी, जागेवरच राहिला तर सर्किट. गुणगुण घालवण्यासाठी तीन पिनी प्लगमधील अर्थिंगची तार काढण्याचा सल्ला मात्र कोणीही दिला तरी मानू नये, कारण ट्रान्सफॉर्मरचे इन्सुलेशन फुटले तर त्या यंत्राची संपूर्ण धातूची पेटी जिवंत होते.