थंड पाण्यात डाइव्ह: मालवणात शिकलेल्यांनी जागा कशी निवडावी

मालवणात ओपन वॉटर (डायव्हिंगचा पहिला कोर्स) करून आलेली ठाण्यातली मुलं परदेशी डाइव्हची आखणी करायला लागली की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "पाणी किती डिग्री?" माझ्या वाशीच्या भाचीनेही तेच विचारलं. "मावशी, केपटाउनला 14, आइसलँडला 3, म्हणजे केपटाउनच ना?" उत्तर बरोबर निघालं, पण कारण अपुरं होतं. आकड्याच्या आधी तीन गोष्टी बघा: सूट कोणता लागेल, आपल्या सुट्टीच्या महिन्यात तिथलं पाणी स्वच्छ असतं का, आणि करंट किती.

आधी सुटाचं बोलू, कारण बाकी सगळं त्यावर ठरतं. मालवणात पाणी बरेचदा 26 ते 29 अंश असतं. 3 मिमीचा वेटसूट, म्हणजे थोडं पाणी आत घेणारा घट्ट रबरी सूट, पुरतो. पाणी हवेपेक्षा सुमारे 25 पट वेगाने अंगातली ऊब ओढून नेतं. त्यात वेटसूटचं निओप्रीन, म्हणजे बुडबुडे असलेलं रबर, खोलीवर दबतं. 10 मीटरवर दाब दुप्पट होतो, आतले हवेचे बुडबुडे निम्मे होतात आणि सूट पातळ पडतो, म्हणजे ऊब जास्त हवी तिथेच कमी मिळते. माझा नियम सरळ आहे. 15 अंशांच्या वर 7 मिमी आणि हुड. 10 ते 15 मध्ये त्याच सुटावर एक डाइव्ह चांगली होते, दुसरीला दात वाजायला लागतात. म्हणून दिवसाला दोन करायच्या असतील तर ड्रायसूट, म्हणजे पाणी आत न शिरणारा, हवा भरायचा सूट. 10 च्या खाली ड्रायसूटच, तिथे चर्चा नको.

ड्रायसूट मात्र पहिल्यांदा सुट्टीतल्या मोठ्या डाइव्हवर घालायचा नाही. त्यातली हवा पायांकडे गेली तर माणूस उलटा होऊन वर खेचला जातो. हवा केव्हा भरायची, दंडावरच्या व्हॉल्व्हमधून केव्हा सोडायची, हे उथळ पाण्यात शिकून घ्या. बुडण्यासाठी लावायचं शिशाचं वजनही मालवणपेक्षा बरंच जास्त लागतं, म्हणून पहिल्या दिवशी किनाऱ्याजवळ वजन तपासल्याशिवाय बोटीवर चढू नका.

रेग्युलेटरकडे, म्हणजे सिलिंडरमधली हवा तोंडाशी आणणाऱ्या यंत्राकडे, लोक दुर्लक्ष करतात, आणि मला सर्वांत जास्त काळजी त्याचीच वाटते. सिलिंडरमधली दाबलेली हवा फर्स्ट स्टेजमध्ये (रेग्युलेटरच्या सिलिंडरवर बसणाऱ्या भागात) प्रसरण पावते तेव्हा ती प्रचंड गार होते. भोवतालचं पाणीच 4-5 अंशांचं असेल तर आत बर्फ धरतो, झडप उघडी राहते आणि हवा धो धो वाहून जाते. भाड्याच्या रेग्युलेटरवर 10 अंशांपेक्षा जास्त तापमानासाठीच अशी खूण असेल तर तो गार पाण्यात नेऊ नका. युरोपच्या ईएन 250 मानकात थंड पाण्याची चाचणी 4 अंशांना होते, ती झालेला मागा. गारठलेल्या हवेत, पाण्यात उतरण्याआधी, त्यातून श्वास घेऊन बघत बसू नका.

आता जागा. पहिल्यांदा जाणाऱ्याला मी केपटाउन सांगते. तिथे एका शहराला दोन पाणी आहेत. त्यांच्या उन्हाळ्यात आग्नेयेचा वारा वरचं पाणी समुद्रात लोटतो, खालचं गार पाणी वर येतं, आणि अटलांटिक बाजू 10 अंशांच्या आसपास उतरते. पण तेव्हाच ती नितळ असते. हिवाळ्यात दुसऱ्या बाजूचा फॉल्स बे हा उपसागर बघावा, तो जास्त शांत आणि स्वच्छ असतो. त्यांचा हिवाळा म्हणजे आपला पावसाळा, मालवणातलं डायव्हिंग बंद असतं नेमके ते महिने! तिथल्या सायमन्स टाउनजवळचं केल्पचं (उंच समुद्रशैवालाचं) रान आणि त्यातले पट्टेदार पजामा शार्क बघायला मी कुणालाही पाठवेन. केल्पमध्ये अडकलात तर ओढाताण करू नका. दांडा वाकवून मोडला की तुटतो.

कॅलिफोर्नियाचं मॉन्टेरेही सुरुवातीला चांगलं. पाणी 10 ते 15, वाळूवरून चालत आत शिरता येतं, आणि सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये सहसा छान दिसतं. वसंतात तिथे नको, प्लँक्टनने (पाण्यातल्या सूक्ष्म जीवांनी) पाणी हिरवं होतं.

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबियात उलट हिवाळा निवडावा. पाणी 7-8 अंश, पण प्लँक्टन नसल्यामुळे जायंट पॅसिफिक ऑक्टोपस आणि वुल्फ ईल नीट दिसतात. तिथला खरा प्रश्न करंटचा. सामुद्रधुन्यांमध्ये भरती-ओहोटीच्या मधे पाणी थांबतं तेवढ्याच वेळात उतरायचं असतं. नवी मुंबईतल्या दिवाळे गावच्या कोळीवाड्यात उधाण (मोठी भरती-ओहोटी) आणि भांग (सौम्य भरती-ओहोटी) कुणालाही विचारा, समजावून सांगतील. तिकीट काढताना भांगाचे दिवस धरा.

स्कॉटलंडच्या स्कापा फ्लोची घाई करू नका. 21 जून 1919 ला जर्मन आरमाराने स्वतःचीच 52 जहाजं तिथे बुडवली. त्यातली सात मोठी अजून तळाशी आहेत. युद्धनौका 45 मीटरपर्यंत खोल आहेत, म्हणून ॲडव्हान्स्ड (ओपन वॉटरच्या पुढचा कोर्स) आणि ड्रायसूट दोन्ही अंगवळणी पडल्यावरच. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पाणी 13-14 पर्यंत चढतं. आइसलँडचं सिल्फ्रा तर समुद्रच नाही, हिमनदीचं लाव्ह्यातून गाळून आलेलं गोडं पाणी आहे. वर्षभर 2 ते 4 अंश, आणि 100 मीटरच्या पुढे दिसतं. तिथे ड्रायसूटचं प्रमाणपत्र किंवा ड्रायसूटमधल्या नोंदवलेल्या 10 डाइव्ह असल्याशिवाय उतरवत नाहीत, आणि हा नियम मला पूर्ण पटतो.

कुठेही गेलात तरी डाइव्हच्या शेवटी कुडकुडत वर येऊ नका. सुरुवातीला उबदार आणि वर येताना गार, या क्रमाने शरीरातला नायट्रोजन नीट बाहेर पडत नाही आणि डीकॉम्प्रेशन सिकनेसचा, म्हणजे शरीरात नायट्रोजनचे बुडबुडे होऊन होणाऱ्या आजाराचा, धोका वाढतो. बोटं आखडायला लागली की तिथेच संपवा. वर आल्याबरोबर कढत शॉवर नको.

ठाण्यात बसूनही तयारी होते. 5 मिमीचे ग्लोव्हज घालून तरणतलावात बकल लावणं-सोडणं, मास्क काढून परत घालणं हे न बघता जमेपर्यंत करा. घरी बादलीत बर्फ टाका, कुणाला तरी शेजारी उभं करा, आणि स्नॉर्कल तोंडात धरून उघडा चेहरा पाण्यात बुडवा. पहिल्यांदा श्वास अडतो. तो सावकाश लयीत येईपर्यंत रोज सराव हवा.

भाचीने ऑगस्टमधला फॉल्स बे ठरवला आहे, पहिले दोन दिवस ड्रायसूटच्या कोर्सला ठेवून. आत घालायला तिने सुती थर्मल काढून ठेवलं होतं. मी ते परत कपाटात ठेवायला लावलं. सुती कापड घाम धरून गार पडतं. मेरिनो लोकरीचं घ्या, दोन जोड.