गोव्यात नवीन आहात? आधी इथलं तिथींचं गणित समजून घ्या

नोकरीनिमित्त गोव्यात आलेल्या मराठी कुटुंबांचं पहिलं वर्ष बहुतेक एकाच पद्धतीनं जातं. वेर्ण्याला नाहीतर कुंडईला कंपनी, फोंड्यात किंवा म्हापशात भाड्याची खोली, रविवारी मिरामार, गावाकडून पाहुणे आले की मंगेशी-शांतादुर्गा आणि मांडवीतली बोट. मग हळूहळू "इथं काही करमत नाही" सुरू होतं. हे ऐकलं की मला मनापासून वाईट वाटतं. इथली करमणूक रविवारवर आणि तिकिटावर चालत नाही, ती तिथीवर आणि पेरणी-कापणीवर चालते, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. म्हणून हे लिहिते आहे.

सुरुवात फुटबॉलपासून करते, कारण मी कोल्हापूरची. शाहू स्टेडियमवर खंडोबा आणि पाटाकडील हे तालमींचे संघ समोरासमोर आले की पेठांत काय वातावरण असतं हे ज्यांनी पाहिलंय, त्यांना गोवा परका वाटायचं कारण नाही. तिथं पेठा, इथं गावं. शिवोलीत 1883 साली एका पाद्रीनं हा खेळ आणला असं सांगतात. आज ज्या गावात चर्च आहे तिथं मैदान आहे, आणि हिंदू वस्तीच्या गावांतही संध्याकाळी चेंडू दिसतोच. धेंपो क्लबनं राष्ट्रीय पातळीवरची लीग 5 वेळा जिंकली आहे. साळगावकर आणि चर्चिल ब्रदर्स ही नावंही इथं घरातल्या माणसांसारखी घेतली जातात. गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर यांना 2022 मध्ये पद्मश्री मिळाली.

एफसी गोवाचा सामना बघायचा तर मडगावजवळ फातोर्ड्याच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर. नारिंगी शर्ट घालून सगळं घर जातं, आजीसुद्धा. फक्त परतीची सोय आधी करून ठेवा. सामना संपेपर्यंत रात्र होते आणि त्या वेळी फोंड्याकडे बस मिळेलच याचा भरवसा नाही.

पण खरी मजा सासष्टी आणि बार्देश या तालुक्यांतल्या गावांच्या स्पर्धांत. भर पावसात, लाल मातीच्या चिखलात, दोन गावांचे पोरगे गुडघ्यापर्यंत माखलेले, रेषेबाहेर छत्र्यांची भिंत आणि प्रत्येक छत्रीखाली एक प्रशिक्षक. कापणी झाली की भाताच्या शेतांचंच मैदान होतं. तुमच्या मुलाला चेंडूची आवड असेल तर चौकशी करत बसू नका, संध्याकाळी पाचच्या सुमारास त्याला घेऊन जवळच्या मैदानावर उभे राहा. कुणीतरी "खंयचो रे तूं?" (कुठला रे तू?) असं विचारतंच. उत्तर मराठीत दिलं तरी चालतं. पुढच्या आठवड्यात तो संघात असतो. आमच्या ओळखीतल्या कितीतरी मुलांना कोकणी भाषा शाळेत नाही, मैदानावर आली.

पोहायला शिकायचं तर समुद्रात शिकू नका. पणजीत कांपाल, म्हापशात पेडे आणि फातोर्डा इथं सरकारी तरणतलाव आहेत. 2014 चे लुसोफोनिया खेळ आणि 2023 च्या 37 व्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा गोव्यात झाल्या, त्यामुळे बंदिस्त स्टेडियमंही चांगली आहेत. बुद्धिबळाचं वेड तर वाढतंच आहे. भक्ती कुलकर्णी आणि लिऑन मेंडोंसा ही इथलीच मुलं, आणि 2025 मध्ये बुद्धिबळाचा विश्वचषकही गोव्यात झाला. क्रिकेटचं वेगळं सांगायला नको. दिलीप सरदेसाई मडगावचे, एवढं लक्षात ठेवा म्हणजे पहिल्या गप्पांना विषय मिळेल.

आता जुगाराबद्दल, आणि इथं मी जरा कडक बोलणार आहे.

गोव्यातला 1976 चा सार्वजनिक जुगार कायदा मुळात बंदीचाच आहे. 1992 मध्ये दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरच्या खेळांना परवानगी दिली, आणि 1996 मध्ये पाण्यातल्या बोटींवर पत्त्यांच्या टेबलांना. मांडवीत रात्री झगमगतात त्या कसिनोच्या बोटी तिथून आल्या. 21 वर्षांखालच्यांना तिथं प्रवेश नाही, आणि 1 फेब्रुवारी 2020 पासून गोमंतकीयांना कसिनोत खेळायला बंदी आहे. ज्या राज्याला त्यातून महसूल मिळतो, त्यानंच आपल्या माणसांना दारात अडवलं, यातून काय ते समजून घ्या. तुम्ही इथं संसार थाटायला आला आहात, तेव्हा तुम्हीही दाराच्या अलीकडेच थांबा.

मटक्याचं आपल्याला काय सांगायचं? कल्याण आणि मुंबईचे आकडे आपल्याकडूनच इकडे आले. बाजाराच्या आसपास चिठ्ठी घेणारा माणूस सहज भेटतो, त्यामुळे ते चालतं असं वाटतं. पण ते बेकायदा आहे आणि धाड पडली की चिठ्ठी लावणाराही सापडतो. आमच्या भागातून आलेल्या, खोली करून राहणाऱ्या पोरांचे पगार आकड्यांत गेलेले मी बघितले आहेत. घरी पैसे का आले नाहीत म्हणून आईचा फोन येतो तेव्हा त्यांच्या तोंडाकडे बघवत नाही. जत्रेत मागच्या अंगाला पट मांडून बसलेले असतात त्यांच्याकडेही फिरकू नका. मोबाईलवरच्या पैशाच्या खेळांवर 2025 मध्ये केंद्रानंच कायदा करून बंदी आणली आहे. आणि धिरयो, म्हणजे बैलांच्या झुंजी: उच्च न्यायालयानं 1996 मध्ये त्या बंद केल्या, तरी कुठल्या तरी शेतात पहाटे भरवल्याच्या बातम्या येतात. त्यावर पैजा लागतात, जनावरं रक्तबंबाळ होतात, माणसं दगावली आहेत. कुणी आग्रहानं बोलावलं तरी जाऊ नका.

नशीब आजमावायची हौस असेलच तर गावच्या फेस्ताची, म्हणजे चर्चच्या उत्सवाची हाऊजी (तंबोला) आहे. चर्चसमोरच्या मैदानात प्लॅस्टिकच्या खुर्च्या, हातात तिकीट आणि पेन, व्यासपीठावरून कोकणी-इंग्रजी मिसळून आकडे पुकारणारा आणि एखाद्या ओळीला एकच आकडा राहिला की शेजारच्या आंटीनं धरलेला तुमचा दंड. तिकिटाचे पैसे बऱ्याचदा गावच्या क्लबच्या नाहीतर चॅपलच्या कामाला जातात. एक तिकीट घ्या, फार तर दोन. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या रात्री घरोघरी पत्ते खेळतात तोही असाच घरगुती मामला. तुम्हाला बसवून घेतलं तर समजा, तुम्ही त्या घरचे झालात.

चवथ म्हटलं की सगळं बाजूला ठेवायचं. आपल्याकडे मंडळांचा गणपती मोठा, इथं घरचा. नोकरीसाठी शहरात असलेली सगळी भावंडं मूळ घरी जातात, आणि पहिले दोन दिवस पणजीत चहा मिळायची मारामार होते. वाणसामान आधीच भरून ठेवा. त्याआधीच्या दोन-तीन दिवसांत माटोळीचा बाजार मात्र चुकवू नका. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातली, कुळागरातली (नारळ-सुपारीच्या बागेतली) फळं-फुलं बांधतात, ती माटोळी. नारळाची पेंड (घड), सुपारीचे घोस, चिबूड, आंबाडे, कवंडळं, कांगलं असा माल घेऊन सत्तरी, सांग्याकडच्या बायका रस्त्याच्या कडेला बसतात. त्यांना प्रत्येकाचं नाव विचारा, त्या आनंदानं सांगतात. मी फोंड्याच्या बाजारात उभी राहून झाडांची जेवढी नावं शिकले तेवढी पुस्तकातून शिकले नसते.

आणि घुमट आरती ऐका. मातीच्या घड्याच्या तोंडाला कातडं लावलेलं हे वाद्य. पूर्वी घोरपडीचं असायचं, आता बकऱ्याचं वापरतात. 2019 मध्ये सरकारनं घुमटाला राज्याचं वारसा वाद्य ठरवलं. सोबत शामेळ हे चर्मवाद्य आणि कासाळें म्हणजे झांजा. आरत्या मराठीच, शब्द तुम्हाला पाठ असलेले, पण चाल आणि ठेका असा काही बदललेला असतो की पहिल्या वर्षी टाळी चुकतेच. दुसऱ्या वर्षी आपोआप बसते. सातव्या दिवशी कुंभारजुव्याला सांगोड असतो. दोन होड्या जोडून त्यावर पौराणिक देखावे उभे करतात आणि खाडीतून मिरवतात. लवकर जाऊन काठावर जागा धरा.

दिवाळीत आपल्यासारखा फराळाचा डोंगर इथं दिसणार नाही, त्याची हुरहुर वाटते. पण नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री बाहेर पडा. प्रत्येक वाड्यावरच्या पोरांनी काठ्या, गवत आणि कागद लावून अक्राळविक्राळ नरकासुर उभा केलेला असतो आणि पहाटे तो जाळतात. अलीकडे त्यात कान फाटतील असे ध्वनिक्षेपक आलेत, ते मला आजिबात आवडत नाही. लहान मूल बरोबर असेल तर गावाकडचा छोटा नरकासुर गाठा. पहाटे पायाखाली कारीट फोडायचं आणि मग पोहे. दुधातले, ताकातले, गुळाचे, नारळाच्या रसातले, तिखट. शेजाऱ्यांकडे पोहे खायला जायचं असतं आणि त्यांना बोलवायचंही असतं. तुमच्या चकल्या-शंकरपाळ्या त्या दिवशी ताटलीत घालून न्या, दोन्ही घरांना बरं वाटतं.

कार्तिक लागला की जत्रा सुरू होतात आणि थेट उन्हाळ्यापर्यंत चालतात. कवळ्याच्या शांतादुर्गेची माघात, मंगेशीची माघी पौर्णिमेला, म्हापशाच्या बोडगेश्वराची पौषात. रथ, पालखी, खाजे (आलं-गुळात घोळलेलं, गरम असतानाच घ्या) आणि उत्तररात्री नाटक. मराठी माणसासाठी हा गोव्याचा सगळ्यात मोठा ठेवा आहे असं मला वाटतं. बँकेतला कारकून, पंचायतीतला शिपाई, शाळेतले मास्तर महिनोन् महिने तालीम करून देवळाच्या मांडवात मराठी नाटक करतात, संगीत नाटकसुद्धा, आणि गाव पहाटेपर्यंत बसून बघतो. दीनानाथ मंगेशकर ज्या मंगेशीचे, गायिका केसरबाई केरकर ज्या केरीच्या, ती हीच माती. पेडण्याकडे दशावतार मिळेल. अंगावर शाल, बसायला चटई न्या. देवळांचे मानपान पिढ्यान् पिढ्या ठरलेले आहेत, ते न विचारता ओलांडू नका. शिरगावच्या लईराईच्या जत्रेत धोंड (देवीचे व्रतस्थ भक्त) अग्निदिव्य करतात, वैशाख शुद्ध पंचमीच्या रात्री. 2025 मध्ये तिथं चेंगराचेंगरी होऊन भाविक दगावले, म्हणून पोरंबाळं घेऊन त्या रात्री जाऊ नये हेच मी सगळ्यांना सांगते. दर्शन दुसऱ्या दिवशीही होतं.

श्रावणात नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी वास्कोत दामोदराचा भजनी सप्ताह सुरू होतो, अखंड चोवीस तास, एका पथकानं दुसऱ्याच्या हाती भजन द्यायचं. घरापासून दूर असलेल्या वारकरी घरच्या माणसानं तिथं एक तास बसून बघावं. फाल्गुनात शिगमो: फोंडा, पणजी, मडगाव, म्हापसा, वास्को इथं चित्ररथ निघतात ते बघाच, पण रोमटामेळाचा (गावच्या नाचत जाणाऱ्या मेळाचा) ढोल-ताशा अंगणात ऐकायचा आणि डिचोली-सत्तरीकडची घोडेमोडणी (लाकडी घोड्यांचा नाच) बघायची ती गावातच. पौषातले धालो, म्हणजे गाणी आणि नाच, फक्त बायकांचे. वाड्यावरच्या मांडावर जायचं, आधी कडेला उभं राहायचं, कुणीतरी हात धरून ओढतंच.

ख्रिस्ती सण आपले नव्हेत म्हणून लांब राहणारी मराठी घरं मला कळत नाहीत. 24 जूनला सांजांव, डोक्यावर पानाफुलांची कोपेलं घालून विहिरीत उड्या. बघायला, गाण्यात सामील व्हायला जरूर जा. उडी मात्र पोहता येत असेल आणि विहीर ओळखीची असेल तरच, आणि घोट घेतला असेल तर मुळीच नको. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी दिवाडी बेटावर बोंदेरां. वाड्यांच्या हद्दींवरून जुन्या काळी भांडणं व्हायची, त्यांची आठवण म्हणून आता झेंडे आणि बांबूच्या फोटाशीतून (खेळण्यातल्या बंदुकीतून) उडवलेली फळं. उपवासकाळाच्या आधीचे चार दिवस कार्निव्हालचे. पणजीची मिरवणूक शनिवारी असते. 3 डिसेंबरला जुन्या गोव्याचं फेस्त. शेजारी डिसोझा-फर्नांडिस असतील तर त्यांच्या गावच्या फेस्ताला जेवायला बोलावतील. रिकाम्या हातानं जाऊ नका आणि शाकाहारी असाल तर आधी सांगा.

हे सगळं कळणार कुठून? मराठी दैनिकांची स्थानिक पानं रोज चाळा. जत्रेची, नाटकाची, सप्ताहाची बारीक बातमी तिथंच येते. घरात इथं छापलेलं पंचांग-कॅलेंडर लावा, कारण गावच्या जत्रा पुण्या-मुंबईच्या कॅलेंडरात नसतात. आणि घरमालकिणीला विचारून ठेवा की तुमच्या ग्रामदेवतेचा उत्सव कधी. दिवाडीला जाताना गाडी जुन्या गोव्याच्या धक्क्याअलीकडेच लावून पायी फेरीबोटीत चढा; बोंदेरांच्या दिवशी गाड्यांची रांग तासन् तास हलत नाही.