‘पुढची संख्या कोणती?’ त्याआधी विचारा, ‘कशावरून?’

‘२, ४, ६, ८, पुढे काय?’ असं विचारलं की सहा वर्षांचं मूल पटकन ‘दहा’ म्हणतं आणि मोठी माणसं खूश होतात. पण एखाद्या मुलाला दर वेळी दोन वाढताहेत हे दिसलेलं असतं, आणि एखाद्याला बेचा पाढा नुसता पाठ असतो. दोघांचं उत्तर एकच. फरक कळायला ३, ५, ७ असं लिहून पाहा. ज्याला नियम समजलाय तो ९ म्हणेल; पाढेवाला अडखळेल किंवा सवयीने ८ म्हणेल. म्हणून आकृतिबंध, म्हणजे ठरावीक नियमाने पुढे जाणाऱ्या रांगा, शिकवताना प्रत्येक उत्तरानंतर, बरोबर असलं तरीही, ‘कशावरून?’ हे विचारायचंच. फक्त चुकल्यावर विचारलं तर ‘कशावरून’ म्हणजे ‘चुकलं’ असं मुलं धरून चालतात आणि लगेच उत्तर बदलतात.

आधी वस्तू

चार-पाच वर्षांच्या मुलासमोर संख्या मांडायची घाई नको. वीसेक चिंचोके आणि दहा बटणं घ्या. चिंचोका, चिंचोका, बटण अशी रांग लावा. हा तुकडा पूर्ण तीन वेळा आला पाहिजे. एकदाच दाखवला तर मुलाला त्यात नियम दिसायचं काही कारणच नाही. आणि रांग तुकड्याच्या मध्येच सोडा, म्हणजे चौथ्या वेळचा एक चिंचोका ठेवून थांबा. नेहमी तुकडा संपवून थांबलात तर मूल फक्त ‘पहिल्यापासून’ सुरू करतं, आपण कुठे आहोत हे त्याला शोधावंच लागत नाही. अडलं तर प्रत्येक तुकड्यानंतर एक काडी आडवी ठेवायला सांगा.

मग तोच नियम हातांनी करा: टाळी, टाळी, चुटकी. नियम चिंचोक्यांचा नाही, तो कशालाही लागू होतो, हे इथे कळतं.

आता त्याच रांगेखाली खडूने १, २, ३ असे क्रमांक लिहा. बटण कुठे कुठे आलं? ३, ६, ९ वर. ‘बाराव्या जागी काय असेल?’ हे रांग न वाढवता विचारा. पाढा न घेता मूल तीनच्या टप्प्यापर्यंत येऊन पोचतं.

उड्या, आणि एक हमखास चूक

अंगणात किंवा गच्चीवर ० ते २० चौकोन आखा, प्रत्येक सुमारे एक फुटाचा. मूल ४ वर उभं. ‘तीन-तीन घरं पुढे जा.’ पुष्कळ मुलं ७ ऐवजी ६ वर पोचतात, मग ८ वर, मग १० वर. बघणाऱ्याला वाटतं, याला तीन मिळवता येत नाहीत. त्याच्या पायांकडे बघा: उभ्या असलेल्या ४ च्या घरालाच ते ‘एक’ म्हणतं, ५ ला ‘दोन’, ६ ला ‘तीन’. ते घरं मोजतंय, पावलं मोजत नाही. उपाय साधा आहे. पाय उचलून पुढच्या घरात टेकल्यावरच ‘एक’ म्हणायचं. ही सवय इथे लागली नाही तर पुढे पट्टीवर आणि संख्यारेषेवर हीच चूक होत राहते.

नियम म्हणजे दोन गोष्टी

‘वाढतंय’ हा नियम नव्हे. ‘पाच मिळवायचे’ हाही अर्धाच. सुरुवात कुठून आणि दर वेळी काय करायचं, दोन्ही सांगितलं तरच नियम पुरा होतो. हे मुलाला पटवायला चिठ्ठीचा खेळ चांगला. मुलाने चिठ्ठीवर नियम लिहायचा, तुम्ही त्यावरून रांग लिहायची. चिठ्ठीत फक्त ‘५ मिळवा’ असेल तर मुद्दाम ३ पासून सुरू करा: ३, ८, १३, १८, २३. मूल म्हणेल, ‘असं नाही, पाचपासून!’ मग ‘पाचपासून’ हे त्यानेच चिठ्ठीत घालायचं. (ही रांग पुसू नका. शेवटचे अंक ३, ८, ३, ८ असे येतात. चिंचोके-बटणांचा खेळ इथे पुन्हा भेटतो.)

रांग देताना किमान चार संख्या द्या. १, २, ४ एवढंच लिहिलं तर पुढे ७ येऊ शकतात (१ मिळवला, २ मिळवले, आता ३) आणि ८ सुद्धा (दर वेळी दुप्पट). दोन्ही बरोबर. मुलाने ७ म्हटलं आणि तुमच्या मनात ८ असेल, तर चूक प्रश्नाची आहे.

दोन-दोन संख्यांमध्ये छोटी कमान काढून त्यावर फरक लिहायला शिकवा, आणि सगळ्या कमानी भरून घ्या. पहिल्या फरकावरून नियम ठरवून मोकळं होणं ही सात-आठ वर्षांच्या मुलांची सर्वांत सामान्य चूक. ५, १०, १५, १८, २५ अशी बिघडलेली रांग देऊन ‘कोण चुकीच्या जागी बसलंय?’ विचारलं की ती सवय सुटते. रिकामी जागाही दर वेळी शेवटी नको; कधी मध्ये, कधी अगदी सुरुवातीला ठेवा. उतरत्या रांगा लवकर आणा: २०, १७, १४, ११, ८, ५, २. इथे का थांबलो, हेही विचारा.

मराठी नावांची अडचण

२५, २७, २९, ३१ ही रांग लिहिताना मूल चुकत नाही, पण बोलताना २९ पाशी अडतं. कारण ‘एकोणतीस’ ऐकू येताना तीसच्या घरातलं वाटतं आणि लिहिताना ते विसाच्या घरात आहे. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ असं वाचन आलं आणि मोठा वाद झाला. त्यामागची अडचण मात्र खरी आहे. म्हणून रांग आधी लिहून घ्यावी, मग वाचावी. गणितमाळेवर, म्हणजे दहा-दहा मण्यांनी रंग बदलणाऱ्या शंभर मण्यांच्या माळेवर, एकोणतिसावा मणी बोटाने दाखवला की तो तिसऱ्या रंगपट्टीच्या शेवटच्या मण्याच्या एक आधी आहे हे दिसतं, आणि ‘एकोण’ म्हणजे ‘एक कमी’ हेही उमगतं.

शतक तक्त्यावर, म्हणजे एका ओळीत दहा अशा १ ते १०० संख्यांच्या तक्त्यावर, नऊच्या पाढ्यातल्या संख्या रंगवा: ९, १८, २७, ३६. तिरकी रेघ तयार होते. का? नऊ मिळवणं म्हणजे दहा मिळवून एक काढणं; तक्त्यात एक ओळ खाली आणि एक घर डावीकडे. हे बोट फिरवून करून दाखवा.

काड्यांचे चौकोन

खराट्याच्या सारख्या लांबीच्या काड्या तोडून घ्या, साधारण ३५. एक चौकोन: ४ काड्या. त्याला चिकटून दुसरा. एकूण किती? बहुतेक मुलं न मोजता ८ म्हणतात. मोजल्यावर ७ निघतात, कारण मधली काडी दोन्ही चौकोनांची. मग १०, १३. तिसरा चौकोन लावून होईपर्यंत तुम्ही काहीच बोलू नका. ‘मधली एकच आहे!’ हे मुलाने म्हणू द्या. दहा चौकोनांना ३१ काड्या लागतील हे दोन वाटांनी कळतं: पहिल्याला चार आणि मग नऊ वेळा तीन, किंवा आधी एक उभी काडी आणि मग दहा वेळा तीन. दोन मुलांनी दोन वाटा सांगितल्या तर दोन्ही फळ्यावर राहू द्या.

हेच रांगोळीच्या ठिपक्यांत करता येतं. मध्ये ५ ठिपके, वर-खाली दोन ठिपक्यांच्या मधोमध ठिपका टाकत १ पर्यंत: १, २, ३, ४, ५, ४, ३, २, १. एकूण २५. आता मध्ये ७ घ्या आणि ठिपक्याखाली ठिपका ठेवत १ पर्यंत या: १, ३, ५, ७, ५, ३, १. एकूण पुन्हा २५. पहिल्यात दर ओळीला एकच ठिपका कमी होतो आणि दुसऱ्यात दोन, हे मूल ठिपके टाकतानाच सांगेल. पहिली रांगोळी जरा तिरकी मान करून बघायला लावा: पाचाच्या पाच ओळी दिसतात.