रात्रीची द्राक्षतोडणी: या चुका टाळा

"बाग उंचावर, हवा गार, मग दिवसा तोडलं तर काय बिघडतं?" हे ऐकून कान किटले. नाशिक-दिंडोरीचा पट्टा साधारण 600 मीटरवर आहे, म्हणून रात्री गार असतात. दुपारचं ऊन काही सूट देत नाही. फेब्रुवारीत पहाटे स्वेटर लागतो नि बाराला घाम फुटतो. वाइनची द्राक्षं रात्री तोडायची ती गार मण्यासाठी. गार मणी कडक राहतो, आणि फुटलाच तरी त्याचा रस लवकर तपकिरी पडत नाही, आंबत नाही.

एवढं करून माल उन्हात ठेवणारे महाभाग आहेत. आमच्या एका पाहुण्यांनी शेनिन ब्लां या वाइनच्या पांढऱ्या द्राक्षाचा प्लॉट मध्यरात्री टोळी लावून तोडला. काम झकास, उजाडायच्या आत आटोपलं. पण पिकअप दुसऱ्याच्या फेरीला गेलेला! क्रेट बांधावर, वर काळी ताडपत्री. गाडी साडेनवाला निघाली, वायनरीच्या फाटकावर पुढं रांग. नंबर लागेपर्यंत वरचे मणी हाताला कोमट, खालच्या क्रेटच्या तळाशी तपकिरी रस आणि त्यावर गांधीलमाशा. भाव पडला. पाहुणे वायनरीवर चिडले. मी म्हणतो, त्या ताडपत्रीवर चिडा.

माझ्याकडे गाडी बागेच्या तोंडाशी लागल्याशिवाय पहिली कात्री चालत नाही. ऊन तापायच्या आत क्रेट वायनरीत उतरले पाहिजेत, तिथून उलटं मोजून वेळ ठरवतो. उरल्या ओळी तर उरल्या, दुसऱ्या रात्री बघू. मुकादम कुरकुरतो, कुरकुरू दे.

दुसरी चूक हेडलॅम्पवर विसंबण्याची. त्या पांढऱ्या उजेडात भुरीचा (पांढऱ्या बुरशीचा) घड आणि धुळीचा घड सारखाच दिसतो. मी आदल्या दिवशी ओळीओळीनं फिरून खराब घड काढून टाकतो. अर्धा दिवस मोडतो, म्हणून नवशिके टाळतात आणि मग वायनरीत निवडत बसतात.

क्रेट काठोकाठ भरू नका, वरच्या क्रेटखाली मणी चिरडतात.

दव जड पडत असेल तर पहाटेची वाट न बघता लवकर सुरू करा. ओल्या घडांबरोबर रसात पाणी जातं.

रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे रसातली साखर (ब्रिक्स) मोजायचं यंत्र, 20 अंश सेल्सिअसला जुळवलेला असतो. तापमानाची दुरुस्ती आपोआप न करणाऱ्या स्वस्त यंत्रावर 12 अंशांचा गार रस टाकला की आकडा जवळपास अर्धा ब्रिक्स जास्त दिसतो. तेवढ्यावर खूश होऊन तोडणी लावू नका.

उसाला लागून असलेल्या ओळी अगदी शेवटी, उजाडता उजाडता घ्या. बिबट्याचा वावर आहे, तिथं कुणाला एकटं पाठवू नका.