फुलपाखराचा फोटो धारदार हवा तर पंख आणि कॅमेरा एका पातळीत आणा

‘ट्रायपॉड लावा’ हा सल्ला आधी डोक्यातून काढून टाका. त्याचे तीन पाय उघडेस्तोवर फुलपाखरू धुऱ्यापलीकडे, म्हणजे शेताच्या बांधापलीकडे, गेलेलं असतं. साधी मॅक्रो लेन्स (अगदी जवळून फोटो काढायची) पुरते, नाहीतर झूमच्या तोंडाशी लावायची क्लोजअप लेन्सही चालते. मोबाईलवाल्यांनी मॅक्रो मोडच्या नादी लागू नये. त्यात फोन इतका जवळ न्यावा लागतो की सावलीच फुलावर पडते. २एक्स किंवा ३एक्स टेली (लांबचं जवळ आणणारी लेन्स) लावा आणि थोडं लांबून काढा.

सप्टेंबर ते नोव्हेंबर, सकाळी नऊच्या आत निघा. गारव्यात फुलपाखरं पंख पसरून ऊन खात बसतात आणि वाराही सुटलेला नसतो.

पडीत वावराचा धुरा शोधा, जिथे एकदांडी, रायमुनिया, रुई माजलेली असते. नवख्याने प्लेन टायगर या फुलपाखरापासून सुरुवात करावी. रुई खाऊन वाढलेल्या त्याच्या अळीत चिकातलं विष उतरतं, ते मोठेपणीही अंगात राहतं. पक्षी सहसा वाटेला जात नाहीत, म्हणून हे फुलपाखरू आरामात, संथ उडतं. मात्र नुकती फवारणी झालेल्या पऱ्हाटीत (कपाशीत) गुडघे टेकू नका. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने माणसं दगावली आहेत.

सेटिंग: लेन्सचं छिद्र (अ‍ॅपर्चर) एफ ८ ते एफ ११, शटर १/२५० किंवा त्याहून जलद, आयएसओ ऑटो. पिवळ्या-पांढऱ्या पंखांसाठी एक्सपोजर जरा खाली घ्या, नाहीतर पंखावरची नक्षी धुऊन निघते.

आता खरी गोम. घरी येऊन फोटो मोठा करून पाहिला की डोळा स्वच्छ आणि पंखाचं टोक धूसर, किंवा उलटं. मीही इथंच बरेच दिवस अडकलो होतो. कोणी सांगतं छिद्र आणखी बारीक, एफ २२ करा. करू नका! डिफ्रॅक्शनने, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्याने, सगळाच फोटो मऊ पडतो. किडा सेन्सरवर त्याच्या खऱ्या आकाराएवढा उमटतो तेव्हा एफ ११ ला देखील जेमतेम मिलिमीटरभर खोली धारदार मिळते. फुलपाखराचं अंग त्याहून जाड असतं. तेव्हा ती मिलिमीटरभर पट्टी कुठून न्यायची, एवढंच आपल्या हातात उरतं.

पंख मिटलेले असतील तर बरोबर बाजूला या. कॅमेऱ्याची पाठ आणि पंख समांतर झाले पाहिजेत. पंख उघडे असतील तर ते ज्या बाजूला कललेत त्याच कलाने कॅमेरा वरून धरा. आधी डोळा पाहा, मग पंखाचं मागचं टोक. दोन्ही एकाच वेळी स्पष्ट दिसेपर्यंत मनगट केसभर फिरवत राहा. समोरून काढायचा असेल तर पंख धूसर येणारच, तिथं फक्त डोळा सांभाळा.

ऑटोफोकस बंद. हवं तेवढं अंतर रिंगने एकदा ठरवा आणि मग रिंगला हात लावू नका. कोपर गुडघ्यावर टेकवा, श्वास सोडा आणि अख्खं अंग किंचित पुढे न्या. डोळ्यातली चमक टाचणीच्या टोकासारखी झाली की बर्स्टमध्ये (बटण दाबून धरून लागोपाठ) तीन-चार फोटो घ्या. मागे सरकताना पुन्हा तेच करा.

वाऱ्याने देठ डुलत असेल तर डाव्या हाताच्या चिमटीत देठ धरा आणि लेन्स त्याच हातावर टेकवा. आता हललं तर फूल आणि लेन्स बरोबर हलतात. मधमाशी, भुंगेरे हे खपवून घेतात. फुलपाखरू मात्र थंड सकाळ असेल तरच, एरवी देठाला बोट लागलं की उडालंच.

भुंगेऱ्यांसाठी फ्लॅश वापरायचा तर त्यावर बटर पेपर किंवा पांढरं कापड लावा. नुसत्या फ्लॅशने त्यांच्या चकचकीत पाठीवर पांढरे ठिपके पडतात.

किडा फ्रीजमध्ये ठेवून सुस्त करायचा, स्प्रेच्या बाटलीने दव पाडायचं, असले उद्योग करू नका. खरं दव कार्तिकात धुऱ्यावर फुकट मिळतं.

घरी आल्यावर डोळ्यावर शंभर टक्के झूम करा. डोळा धूसर असेल तर तो फोटो सरळ डिलीट करा, रंग कितीही छान असोत. शार्पनिंगने तो परत येत नाही.