दुसऱ्याची लेन्स, आपला कॅमेरा आणि पाच मीटरवरचं अनंत

मी भोसरीच्या एका टूलरूममध्ये क्वालिटीला आहे. दिवसभर मायक्रोमीटर हातात. त्यामुळे कॅमेऱ्याचा अ‍ॅडॉप्टर (एका कंपनीची लेन्स दुसऱ्या कंपनीच्या कॅमेऱ्यावर बसवणारी कडी) हा माझ्या लेखी फोटोग्राफीचा विषय नाहीच, तो एक जॉब आहे, आणि जॉब म्हटला की आधी मोजायचा. हे शहाणपण मला ताऱ्यांच्या फोटोंची एक अख्खी अमावस्या वाया घालवून आलं, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

माझे काका ऐंशीच्या दशकात लग्नांचे फोटो काढायचे. त्यांची निकॉनची जुनी २४ एमएम, एफ २.८ लेन्स माझ्याकडे आली. माझा कॅमेरा सोनी ए६०००. ऑनलाइन मिळाला तो स्वस्तातला अ‍ॅडॉप्टर मागवला, लेन्स खटकन बसली, खिडकीतल्या कुंडीचा झकास फोटो आला आणि मी एप्रिलमध्ये वेल्ह्याजवळ मामांच्या गावी गेले. रात्रभर खळ्यात बसून शंभरेक फोटो काढले. घरी येऊन मोठ्या स्क्रीनवर पाहिलं तर सगळे तारे भिजवलेल्या साबुदाण्यासारखे. फोकस रिंग टोकापर्यंत फिरवलेली होती, पुढे जायला जागाच नव्हती.

दुसऱ्या दिवशी अ‍ॅडॉप्टर कंपनीत नेऊन मोजला: २८.५८ मिमी. हवा होता २८.५०.

हा आकडा कुठून येतो ते एकदा समजलं की पुढचं सगळं सोपं आहे. प्रत्येक माउंटला, म्हणजे कॅमेऱ्यावर लेन्स जिथे बसते त्या जोडाला, लेन्सच्या बैठकीपासून सेन्सरपर्यंतचं अंतर ठरलेलं असतं. निकॉनच्या जुन्या एफ माउंटला ४६.५ मिमी, कॅननच्या ईएफला ४४, एम४२ या जुन्या आट्यांच्या माउंटला ४५.४६. या सगळ्या कॅमेऱ्यांत मध्ये हलता आरसा असायचा, त्याला जागा लागायची. मिररलेसमध्ये आरसाच नाही, म्हणून सोनी ई माउंटला फक्त १८ मिमी, निकॉन झेडला १६, कॅनन आरएफला २०, फुजीच्या एक्सला १७.७. दोन आकड्यांची वजाबाकी म्हणजे अ‍ॅडॉप्टरची जाडी. साध्या अ‍ॅडॉप्टरमध्ये काच नसतेच, ती एक पोकळ कडी आहे. पण ती कडी जरा जरी जाड झाली तरी लेन्स अनंतापर्यंत, म्हणजे ताऱ्यांइतक्या लांबच्या फोकसपर्यंत, पोचत नाही. माझी ०.०८ मिमीची चूक एफ २.८ ला सेन्सरवर जवळजवळ २९ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) डाग पाडते. ए६००० चा एक पिक्सेल साधारण ३.९ मायक्रॉनचा. म्हणजे जो तारा दोन पिक्सेलमध्ये मावला असता तो सात-आठ पिक्सेलवर पसरला. कुंडीच्या फोटोत हे कळायचं कारणच नाही, कारण जवळचा फोकस तिथे होताच.

म्हणून बरेच कारखाने अ‍ॅडॉप्टर मुद्दाम किंचित पातळ करतात. पातळ चालतो, जाड चालत नाही. पातळ असेल तर लेन्सवरच्या अनंताच्या खुणेवर मात्र विश्वास ठेवायचा नाही. माझा दुसरा अ‍ॅडॉप्टर २८.३८ निघाला, म्हणजे ०.१२ मिमी कमी. २४ एमएमच्या लेन्सला याचा अर्थ असा की तारे स्पष्ट होतात तेव्हा रिंगवर अंतर दिसतं सुमारे पाच मीटर! हिशेब सोपा आहे: फोकल लेंग्थचा वर्ग भागिले कमी पडलेली जाडी. ५७६ भागिले ०.१२, म्हणजे ४८०० मिमी. हाच अ‍ॅडॉप्टर ५० एमएमला लावला तर खूण एकवीस मीटरच्या आसपास येते. लेन्स जितकी वाइड, तितकी ही गंमत जास्त.

मायक्रोमीटर सगळ्यांकडे नसतो, हे मला कळतं. मग गच्ची वापरायची. मी सिंहगड रोडला राहते, आमच्या गच्चीतून सिंहगडावरचा टॉवर दिसतो. पाऊस पडून गेल्यावर हवा धुतलेली असते तेव्हा चढायचं, कॅमेरा ट्रायपॉडवर, अ‍ॅपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं भोक) पूर्ण उघडं, फोकस मॅग्निफायर (स्क्रीनवरचं चित्र मोठं करून दाखवणारी सोय) ११.७ पटीवर. रिंग हळूहळू अनंताकडे न्यायची. टॉवर तीक्ष्ण झाला पाहिजे आणि मग, रिंग आणखी फिरवल्यावर, परत पुसट झाला पाहिजे. हे पुसट होणं बघायचं असतं. टोकाला जाऊनही अजून सुधारतोय असं वाटलं तर तो अ‍ॅडॉप्टर परत पाठवा. घासून पातळ करायच्या फंदात पडू नका. घासताना तो समांतर राहत नाही, आणि तिरका अ‍ॅडॉप्टर हे जाड अ‍ॅडॉप्टरपेक्षा मोठं दुखणं आहे.

तिरका कसा ओळखायचा? टॉवर आधी फ्रेमच्या डाव्या कडेला धरायचा, मग उजव्या. दोन्हीकडे रिंग एकाच जागी आली पाहिजे. नाही आली तर लेन्स काढून अ‍ॅडॉप्टर दुसऱ्या कॅमेऱ्यावर किंवा दुसऱ्या लेन्सवर लावून बघा, म्हणजे दोष कोणाचा ते कळतं. माझ्या पहिल्या अ‍ॅडॉप्टरवर चार ठिकाणी मोजलं तर ०.१८ मिमीचा फरक होता. आमच्याकडे असा जॉब आला असता तर लाल टॅग लागला असता. आणि लेन्स अ‍ॅडॉप्टरमध्ये डुगडुगत असेल तर आतल्या स्प्रिंगच्या पट्ट्या बारीक स्क्रूड्रायव्हरने जराशा बाहेर फाकवा, जराशाच.

माझ्या २८.३८ वाल्यात मी माउंटच्या प्लेटखाली ०.१० मिमीची शिम, म्हणजे पातळ पत्रा, कापून घातली. ०.०२ मुद्दाम सोडले. हे केलंच पाहिजे असं नाही. पाच मीटरच्या खुणेवरही तारे छानच येत होते. सवयीचा भाग, दुसरं काय.

आता कोणती लेन्स? लोक विचारतात ऑटोफोकसचं काय. अहो, ताऱ्यांवर ऑटोफोकस असाही भरवशाचा नसतो. इथे अ‍ॅडॉप्टरच्या लेन्सचं काही बिघडत नाही, उलट जुन्या रिंगची लांब, लोण्यासारखी फिरकी उपयोगी पडते. बघायची ती गोष्ट म्हणजे अ‍ॅपर्चर कोण बंद करणार. निकॉनच्या जुन्या लेन्सवर अ‍ॅपर्चर रिंग असते, प्रश्न मिटला. कोरियाच्या सॅमयांगच्या मॅन्युअल लेन्स, १४ एमएम एफ २.८ किंवा १३५ एमएम एफ २, त्यांनाही रिंग आहे, कॅनन माउंटची सेकंडहँड मिळाली तरी साध्या कडीवर चालते. पण टोकिनाची ११-१६ घ्याल तर सावध. कॅनन माउंटची असेल तर अ‍ॅपर्चर विजेवर चालतं, साध्या अ‍ॅडॉप्टरवर ती कायम उघडीच राहते, तिला संपर्कबिंदू असलेला महागातला अ‍ॅडॉप्टर लागतो. निकॉन माउंटची असेल तर आतली दांडी ढकलणारी रिंग अ‍ॅडॉप्टरवरच असलेला प्रकार घ्यायचा. त्यावर आकडे नसतात, अंदाजाने फिरवायचं. एम४२ च्या बऱ्याच लेन्सना मागे एक पिन असते, तीही दाबणारा अ‍ॅडॉप्टर हवा.

बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात रशियन हेलिओस ४४ मिळते म्हणून उड्या मारू नका. माणसांच्या चेहऱ्यांना सुरेख आहे, पण कोपऱ्यातले तारे तिच्यात गरगर फिरल्यासारखे कमानी होऊन येतात. शिवाय जुन्या बाजारात मोबाइलचा टॉर्च लेन्सच्या मागून मारून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं तर ती बुरशी आहे, दुकानदार “पुसलं की जाईल” म्हणेल. जात नाही. जुन्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यांच्या वाइड लेन्सही टाळा. सेन्सरसमोरच्या काचेतून त्यांचे किरण फार तिरके जातात आणि कडा फरफटतात.

निघण्याआधी मेनूत “लेन्सशिवाय शटर” चालू करायला विसरू नका. कॅमेऱ्याला वाटतं समोर लेन्सच नाही, आणि तो शटर दाबू देत नाही. अंधारात, थंडीत, हा पर्याय कुठल्या पानावर आहे ते शोधणं फार अपमानास्पद असतं. ज्यांच्या बॉडीत हादरे सावरणारं स्टॅबिलायझेशन आहे त्यांनी ते ट्रायपॉडवर बंद करावं. अ‍ॅडॉप्टरची आतली बाजू चकचकीत असेल तर अप्पा बळवंत चौकातून काळा वेलवेट पेपर आणून चिकटवा, नाहीतर कडेच्या एखाद्या दिव्याचा धूसर पट्टा फोटोवर येतो.

दिशेचंही बघा. पुण्याचं अक्षांश साडेअठरा, त्यामुळे आकाशगंगेचा गाभा दक्षिणेला जास्तीत जास्त साडेबेचाळीस अंशांवर येतो. म्हणून मी शहराच्या दक्षिणेला किंवा नैर्ऋत्येला जाते, वेल्हे, भोर, म्हणजे पुण्याचा उजेड पाठीशी राहतो. उत्तरेला गेलात तर गाभ्याजवळचा वृश्चिक नेमका त्या उजेडातच असतो. मार्चच्या सुरुवातीला गाभा पहाटे अडीचच्या सुमारास उगवतो, एप्रिलच्या मध्यावर मध्यरात्रीच्या आधीच, आणि साडेचार-पाचला सर्वांत उंच असतो. जूनमध्ये पाऊस आला की दुकान बंद. मग डिसेंबरात मृग, व्याध, कृत्तिका.

तिथे गेल्यावर पहिला तास लेन्सला थंड होऊ द्या. अ‍ॅल्युमिनियमची २८ मिमीची कडी तापमान सतरा अंशांनी उतरलं की अकराएक मायक्रॉन आखडते. वाचायला किरकोळ वाटतं, पण एफ २.८ ला तो एक पिक्सेल झाला. गच्चीवर दुपारी लावलेली खूण रात्री फक्त सुरुवातीपुरती.

फोकससाठी ठळक, पांढरा तारा घ्या. एप्रिलमध्ये चित्रा, थंडीत व्याध. ज्येष्ठा नको, ती लालसर आहे. मॅग्निफायरमध्ये तारा बारीक होत जातो, आणि जुन्या लेन्समध्ये फोकसच्या एका बाजूला त्याची कड जांभळट, दुसऱ्या बाजूला हिरवट दिसते. या दोन रंगांच्या मधली जागा तीच आपली. पीकिंगच्या, म्हणजे फोकस झालेल्या कडांवर कॅमेरा दाखवतो त्या, रंगीत रेघा इथे फसवतात. १३५ एमएमला बाहतिनोव मास्क (फोकससाठी लेन्ससमोर लावायची चिरांची जाळी) फार छान चालतो, २४ ला त्याचे पट्टे इतके बारीक असतात की काही कळत नाही. जागा सापडली की रिंगवर चिकटपट्टी. मामा एकदा म्हणाले, “अगं, एवढी महागाची वस्तू, आणि तिला बँडेज?” म्हटलं, मामा, हात लावू नका फक्त.

अ‍ॅपर्चर मी एफ २.८ आणि ४ च्या मध्ये ठेवते. पूर्ण उघडं ठेवलं तर कोपऱ्यातल्या ताऱ्यांना पंख फुटतात. १३५ वर तर मी अ‍ॅपर्चर बंदच करत नाही, पुढे ७७ वरून ५२ मिमीवर आणणारी रिंग लावते. भोकाच्या पात्यांच्या कोपऱ्यांमुळे ताऱ्यांना काटे फुटतात, गोल रिंगमुळे तारा गोल राहतो.

ताऱ्यांच्या रेघोट्या न होता शटर किती सेकंद उघडं ठेवायचं, याला पाचशेचा नियम (पाचशे भागिले फोकल लेंग्थ) सांगतात, पण २४ मेगापिक्सेलच्या क्रॉप, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान, सेन्सरला तो फार सैल आहे. तीनशे भागिले (फोकल लेंग्थ गुणिले दीड). २४ एमएमला आठ सेकंद, १३५ ला दीड. आयएसओ ३२००, रॉ, आणि एकच फोटो काढून थांबायचं नाही. ३६ फ्रेम एकामागून एक घ्या, पाच मिनिटांचं काम, आणि सिक्वेटरसारख्या फुकट सॉफ्टवेअरने एकावर एक रचा. नॉइज एक षष्ठांशावर येतो. त्याच रात्री लेन्स, फोकस, अ‍ॅपर्चर काहीही न हलवता पांढरा टी-शर्ट ताणून, समान उजेडात वीसेक फोटो काढून ठेवा. कॅमेऱ्याला लेन्सची ओळखच नसल्याने कोपऱ्यांचा काळोख तो आपोआप उजळू शकत नाही, त्या टी-शर्टच्या फोटोंवरून तो काढावा लागतो. फाइलमध्ये अ‍ॅपर्चरचा आकडाही येत नाही, म्हणून वहीत लिहा.

थंडीत दव पडतं. तपकीर गल्लीतून आणलेली यूएसबीवरची गरम पट्टी लेन्सच्या पुढच्या कडेला गुंडाळायची, पॉवर बँक खिशात. घरी आल्यावर बॅग लगेच उघडू नका, तासभर तशीच राहू द्या. मग लेन्स आणि अ‍ॅडॉप्टर वेगवेगळे करून, सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात. पावसाळ्यात पुड्या दर पंधरा दिवसांनी तव्यावर मंद आचेवर कोरड्या करते, पोळ्या झाल्यावर तवा तापलेला असतोच.